लेव्हल लावली तर बोर्ड अडकतो, एज लावली तर काही तासांनी गप्प : इंटरप्टची सेटिंग नेमकी कुठे बिघडते?

तारतम्य (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

चार कोअरचा आर्म बोर्ड आहे, त्यावर लिनक्स. आयटूसी बसवर (दोन तारांच्या सिरियल जोडणीवर) कंपन मोजणारा एक सेन्सर लावलाय. सेन्सरच्या पोटात फिफो (नमुने रांगेत साठवणारी छोटी मेमरी) आहे. तो ठरावीक पातळीपर्यंत भरला की सेन्सर आपली इंटरप्ट पिन (प्रोसेसरला हाक देणारी) खाली ओढतो. ती पिन प्रोसेसरच्या एका जीपीआयओला (सर्वसाधारण कामाच्या पिनेला) जोडलेली आहे. या सेन्सरचा तयार ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून मीच लिहिलाय.

आता गंमत अशी. इंटरप्ट लेव्हल-लो (पिन खाली असेपर्यंत हाक) ठेवला तर मॉड्यूल लोड केल्या केल्या बोर्ड जवळपास मरतो. सिरियल कन्सोलवर आरसीयू स्टॉलचे (कोअर अडकून पडल्याचे) मेसेज येतात आणि टाइप केलेलं अक्षर उमटायला युगं लागतात. तोच इंटरप्ट फॉलिंग एज (पिन खाली येण्याच्या क्षणी एकदाच हाक) केला तर सगळं छान चालतं, पण काही तासांनी डेटा यायचा थांबतो. ना एरर, ना वॉर्निंग. /प्रॉक/इंटरप्ट्समधला आकडा जिथल्या तिथे थिजलेला असतो. मॉड्यूल काढून पुन्हा घातलं की परत सुरू.

दोन्हींत वायर तीच, कोड तोच, फरक फक्त एका फ्लॅगचा. मग बरोबर सेटिंग कुठली?

खटपट्या

बूट करताना कर्नलला आयआरक्यूपोल (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची विनंती) पॅरामीटर देऊन बघ. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर त्यानेच काम झालं होतं. नाहीतर सरळ टाइमर लावून दर काही मिलिसेकंदांनी सेन्सर वाच, कशाला इंटरप्टच्या नादी लागतोस.

जुनाजाणता

खटपट्या, आयआरक्यूपोलचा इथे उपयोग नाही. कर्नल जेव्हा "नोबडी केअर्ड" म्हणून कुरकुरतो आणि लाइन बंद करून टाकतो तेव्हाचा तो उपाय आहे, आणि तेव्हाही तात्पुरताच. तारतम्यच्या लॉगमध्ये तो मेसेज नाही. तो का नाही, हीच खरी मेख आहे, पण त्याकडे नंतर येतो.

तारतम्य, तीन गोष्टी सांग:

१. डेटा थांबलेला असताना डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीच्या फोल्डरमधली) जीपीआयओ फाइल उघड. ती पिन त्या क्षणी हाय दिसते की लो?
२. हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) नेमकं काय करतोस आणि काय परत करतोस?
३. एज की लेव्हल हे डिव्हाइस ट्रीत (बोर्डाची जोडणी सांगणाऱ्या फाइलीत) लिहिलंयस, ड्रायव्हरच्या फ्लॅगमध्ये, की दोन्हीकडे?

तारतम्य

१. लो. तासभर पाहत बसलो तरी लोच.
२. हँडलरमध्ये फक्त शेड्यूल_वर्क, आणि लगेच आयआरक्यू_हँडल्ड परत. आयटूसीचं वाचन हँडलरमध्ये करता येत नाही, ते झोपू शकतं, म्हणून ते वर्कमध्ये ढकललं. वॉटरमार्क (पिन खाली ओढायची पातळी) ३२ नमुन्यांवर आहे, म्हणून वर्क दर वेळी ३२ नमुने वाचतं. फिफो १२८ नमुन्यांचा, वेग सेकंदाला १६०० नमुने, प्रत्येक नमुना ६ बाइटचा.
३. डिव्हाइस ट्रीत ८ लिहिलंय, म्हणजे लेव्हल-लो. ड्रायव्हरमध्ये रिक्वेस्ट_आयआरक्यूला आयआरक्यूएफ_ट्रिगर_फॉलिंग देतोय. दोन्हींत विरोध आहे हे कळतं, पण डिव्हाइस ट्री बदलली तरी फरक पडत नाही.

जुनाजाणता

फरक पडणार नाहीच. ड्रायव्हरने ट्रिगरचा फ्लॅग दिला की कर्नल तोच मानतो. फ्लॅग शून्य असेल तरच डिव्हाइस ट्रीतला प्रकार लागू होतो. /सिस/कर्नल/आयआरक्यू खाली आपल्या आकड्याच्या फोल्डरमध्ये टाइप नावाची फाइल असते, तिथे प्रत्यक्षात काय लागू आहे ते दिसतं. ड्रायव्हरमधून ट्रिगरचा फ्लॅग काढूनच टाक. पिन कशी जोडली आहे हे बोर्डाला माहीत, ड्रायव्हरला नाही. उद्या कोणी मध्ये इन्व्हर्टर टाकला तर फक्त डिव्हाइस ट्री बदलावी लागेल.

आता मूळ दुखणं. पिन तासभर लो आहे, यातच उत्तर आहे.

तुझा सेन्सर लेव्हलवाला आहे. फिफोत ३२ किंवा जास्त नमुने आहेत तोवर पिन खाली, कमी झाले की वर. एजवर लावलेला कंट्रोलर मात्र फक्त वरून खाली येण्याचा तो एक क्षण बघतो. आता हिशोब कर. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर एका बाइटला ९ क्लॉक, म्हणजे साडेबावीस मायक्रोसेकंद. ३२ नमुने म्हणजे १९२ बाइट, ४.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ७ नवे नमुने येतात, पण ते ३२पेक्षा कमी, म्हणून पिन वर जाते आणि पुढची एज मिळते. एरवी सगळं आलबेल.

पण एखाद्या वेळी वर्क सुरू व्हायलाच १६ मिलिसेकंदांचा उशीर झाला तर? दुसरं कोणी आयटूसी बस अडवून बसलं असेल, किंवा त्या कोअरवर दुसऱ्या कामांची गर्दी असेल. तोवर फिफोत ५७-५८ नमुने, वाचता वाचता आणखी ७. तू त्यातले ३२ काढलेस, उरले ३२ किंवा जास्त. पिन वर गेलीच नाही. वर गेली नाही म्हणजे पुन्हा खाली यायचा प्रश्न नाही, म्हणजे एज नाही, म्हणजे इंटरप्ट नाही, म्हणजे वाचन नाही. सेन्सर पिन ओढून बसलाय, कर्नल एजची वाट बघतोय. दोघेही आपापल्या जागी बरोबर! हा प्रसंग रोज येत नाही, म्हणून तुला काही तास लागतात.

आता लेव्हलवर बोर्ड का मरतो? हँडलर आला, वर्क रांगेत टाकलं, "हँडल्ड" म्हणून परतला. पण पिन अजून खालीच आहे, कारण फिफो कोणी वाचलाच नाही. कंट्रोलर लगेच पुन्हा इंटरप्ट देतो. परत हँडलर, परत तेच. शेड्यूल_वर्क साधारणपणे ज्या कोअरवरून बोलावलं त्याच कोअरवर चालतं, आणि तो कोअर तर इंटरप्टमध्येच गुरफटलाय. त्यात आयटूसी कंट्रोलरचा स्वतःचा इंटरप्टही बहुधा त्याच शून्याव्या कोअरवर येत असणार. ज्याने पिन मोकळी व्हायची तेच काम उपाशी.

आणि "नोबडी केअर्ड" का आलं नाही? कर्नल दर १,००,००० इंटरप्टमागे बघतो की त्यातल्या ९९,९००हून जास्त वेळा सगळ्या हँडलरनी "माझा नाही" म्हटलंय का. तसं असेल तर तो लाइन बंद करतो, बाकीचं यंत्र वाचतं. तुझा हँडलर प्रत्येक वेळी "माझाच, झालं काम" म्हणतोय. कर्नलने विश्वास ठेवला.

उपाय: रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू वापर. पहिल्या हँडलरच्या जागी नल, दुसऱ्या जागी आयटूसी वाचणारं फंक्शन, फ्लॅगमध्ये फक्त आयआरक्यूएफ_वनशॉट, आणि डिव्हाइस ट्रीत लेव्हल-लो तसंच ठेव. वर्कक्यू काढून टाक. वनशॉटमुळे इंटरप्ट आला की लाइन मास्क होते (तात्पुरती झाकली जाते) आणि थ्रेडचं काम पूर्ण संपेपर्यंत मास्कच राहते. थ्रेडमध्ये झोपलास तरी चालतं. काम संपल्यावर अनमास्क झालं आणि पिन अजून खालीच असेल, तर लगेच पुन्हा इंटरप्ट येईल आणि उरलेले नमुने वाचले जातील. उशीर झाला तरी काही हरवत नाही. थ्रेडेड इंटरप्टची सोय २००९ सालच्या २.६.३० पासून मुख्य कर्नलमध्ये आहे.

मूकश्रोता

वाखुसा (वाचनखूण साठवली). एज-लेव्हलची व्याख्या पुस्तकात वाचली होती, पण ती १६ मिलिसेकंदांची फट आकड्यांत मांडलेली पहिल्यांदा पाहिली.

खटपट्या

एक शंका. वनशॉट न देता करून पाहिलं तर फंक्शन उणे २२ देतं आणि लॉगमध्ये "थ्रेडेड आयआरक्यू रिक्वेस्टेड विथ हँडलर नल अँड नॉट वनशॉट" असं काहीसं येतं. एवढा हट्ट का? माझा इंटरप्ट तर एजवर आहे.

जुनाजाणता

पहिला हँडलर नल दिला की कर्नल स्वतःचा एक ठेवतो, जो फक्त थ्रेडला जागं करतो. तो डिव्हाइसकडे ढुंकूनही बघत नाही. लाइन लेव्हलवर असेल आणि वनशॉट नसेल, तर तारतम्यच्या बोर्डाचं झालं तेच होणार. नोंदणीच्या वेळी ड्रायव्हरने एज सांगितली तरी खाली लेव्हल असू शकते, म्हणून कर्नल सरसकट नाकारतो. ज्या इंटरप्ट कंट्रोलरने "माझ्याकडे हे मुळातच सुरक्षित आहे" असं जाहीर केलंय त्यांना सूट आहे, एमएसआय (तारेऐवजी मेमरीत लिहून दिलेला इंटरप्ट) त्यातलं ठळक उदाहरण. तू वनशॉट देऊन टाक, एजवर असलास तरी काही बिघडत नाही.

अंशुमती

काका, बाकी सगळ्याशी सहमत, पण "लेव्हलच बरोबर" असा निष्कर्ष कोणी घेऊ नये. कित्येक जीपीआयओ एक्स्पांडर आणि काही सोसीच्या (एकाच चिपवरच्या प्रोसेसर-यंत्रणांच्या) काही पिना लेव्हल ओळखतच नाहीत, फक्त एज ओळखतात. तिथे काय करणार? मी अशा बोर्डवर एज ठेवून थ्रेडमध्ये लूप लावते: आधी फिफोतली संख्या वाचायची, तेवढे नमुने काढायचे, पुन्हा संख्या वाचायची, वॉटरमार्कच्या खाली येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. त्यानंतर पिन वर गेलेली असते, पुढची एज मिळणारच. मधल्या काळात एज आली तरी कंट्रोलर आणि कर्नल मिळून ती बाकी म्हणून लक्षात ठेवतात आणि नंतर हँडलर पुन्हा चालवतात.

तारतम्यच्या ड्रायव्हरमधलं खरं दुखणं "दर वेळी ३२च" हे आहे. लेव्हल लावल्यावरही ते बदलावं. नाहीतर मागे पडलेलं वाचन प्रत्येक फेरीत ३२-३२ने भरून काढत बसेल.

जुनाजाणता

मान्य. हार्डवेअर एजच देत असेल तर लूप हाच रस्ता. पण जिथे दोन्ही पर्याय आहेत तिथे मी लेव्हलच घेईन. लूपमध्ये कोणी वर्षभराने हात घालून "इथून लवकर बाहेर पडू" असं केलं की तोच बग परत येतो, तोही काही तासांनीच दिसणारा. लेव्हलमध्ये तसा बग ठळकपणे दिसतो, पहिल्याच मिनिटाला.

तारतम्य

दोघांनाही दंडवत. थ्रेडेड, वनशॉट, लेव्हल-लो, शिवाय संख्या वाचून फिफो रिकामा करणं, हे सगळं केलं. मुद्दाम बसवर दुसरं काम लावून उशीर घडवला, कोअरवर लोड टाकला, तरी आता थांबत नाही. पीएस केल्यावर आयआरक्यू/ आणि आकडा अशा नावाचा थ्रेडही दिसतो.

पण आता मॉड्यूल काढताना कधी कधी आयटूसीचे एरर धडाधड येतात आणि एकदा तर पूर्ण ऊप्स (कर्नलचा क्रॅश) झाला. आधी असं होत नव्हतं. रिमूव्ह फंक्शनमध्ये मी सेन्सरचा रेग्युलेटर (वीजपुरवठा) बंद करतो आणि बफर मोकळा करतो, बस्स. इंटरप्ट डेव्हएम_ प्रकाराने मागितलाय, म्हणजे तो आपोआप सुटतो ना?

अंशुमती

सुटतो, पण केव्हा? डेव्हएम_ने घेतलेल्या गोष्टी तुझं रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर, मागितल्याच्या उलट्या क्रमाने सोडल्या जातात. म्हणजे तू रिमूव्हमध्ये सेन्सरची वीज काढलीस आणि बफर फ्री केलास तेव्हा इंटरप्ट अजून जिवंत आहे. वीज गेल्यावर पिन खाली आली (पुल-अप सेन्सरच्याच पुरवठ्यावर असेल तर येणारच), लेव्हलवर इंटरप्ट लागला, थ्रेड उठला, बंद सेन्सरशी आयटूसीवर बोलायला गेला. ते तुझे एरर. आणि फ्री केलेल्या बफरमध्ये लिहायला गेला तो ऊप्स.

हा सापळा फार जणांना चावलाय. रस्ते दोन. एक, सगळंच डेव्हएम_ करायचं: रेग्युलेटर बंद करणारं छोटं फंक्शन डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेटने नोंदवायचं, बफरही डेव्हएम_ने घ्यायचा, आणि इंटरप्ट सगळ्यात शेवटी मागायचा. उलट्या क्रमामुळे तोच आधी सुटेल. दुसरा, डेव्हएम_ नकोच, रिमूव्हच्या पहिल्या ओळीत फ्री_आयआरक्यू. फ्री_आयआरक्यू चालू हँडलर आणि थ्रेड संपेपर्यंत थांबतं, त्यामुळे त्यानंतर निर्धास्त. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं की घोळ.

प्रोबमध्येही (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तेच सूत्र. इंटरप्ट मागितला त्याच क्षणी तो येऊ शकतो, फंक्शन परतायच्या आधीसुद्धा. म्यूटेक्स, बफर, वेट क्यू हे सगळं त्याआधी तयार हवं. काही कारणाने आधी मागावाच लागला तर आयआरक्यूएफ_नो_ऑटोएन द्यायचा आणि वेळ आली की इनेबल_आयआरक्यू.

जुनाजाणता

+१. यात एक जोड. शेअर्ड लाइनचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी कर्नल बांधताना कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू चालू ठेवावं. फ्री_आयआरक्यू करताना कर्नल तुमचा हँडलर मुद्दाम एकदा चालवून बघतो. वर सांगितलेला घोळ असेल तर तो टेबलावरच फुटतो.

डिसेबल_आयआरक्यूबद्दलही दोन शब्द, कारण पुढे कोणीतरी वापरणारच. ते चालू असलेला हँडलर संपायची वाट बघतं. स्वतःच्या हँडलरमधून बोलावलंत तर स्वतःचीच वाट बघत कायमचे बसाल. तिथे डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक. शिवाय त्याची मोजणी होते: दोनदा डिसेबल केलं तर इनेबलही दोनदा हवं, आणि एखादं जास्त झालं तर "अनबॅलन्स्ड इनेबल" म्हणून लांबलचक वॉर्निंग येते.

गंमत म्हणजे डिसेबल_आयआरक्यू म्हटल्यावर हार्डवेअरमध्ये लाइन लगेच मास्क होतेच असं नाही. बहुतेक कंट्रोलरवर कर्नल फक्त स्वतःकडे नोंद करतो. त्यानंतर खरंच इंटरप्ट आला तर तो "बाकी" म्हणून टिपतो आणि तेव्हा मास्क करतो. ऑसिलोस्कोप लावून "मी तर बंद केला होता, मग हा कंट्रोलरपर्यंत पोचला कसा" म्हणून डोकं धरणाऱ्यांसाठी ही माहिती.

वीजवाहक

अवांतर होईल, पण धागा इंटरप्टचा आहे म्हणून विचारतो. मी शिकण्यासाठी एक्स८६ वर स्वतःचा छोटा कर्नल लिहितोय. आयडीटी (कोणत्या इंटरप्टला कोणता हँडलर याचा तक्ता) भरली, एक्सेप्शनचे हँडलर लावले, शून्याने भागून पाहिलं, हँडलर चालतो. पण एसटीआय करून इंटरप्ट चालू केले की तत्काळ डबल फॉल्ट (एक फॉल्ट हाताळतानाच दुसरा). कोडमध्ये फॉल्ट होण्यासारखं काहीच नाही, नुसता रिकामा लूप आहे.

जुनाजाणता

तो डबल फॉल्ट नाहीच, टाइमर आहे.

८२५९ पीआयसी (पीसीचा जुना इंटरप्ट कंट्रोलर) बायोसने जसा सोडला तसाच तू वापरतोयस. त्यात आयआरक्यू ० ते ७ हे व्हेक्टर (आयडीटीतले नंबर) ८ ते १५ वर बसवलेले असतात. प्रोटेक्टेड मोडमध्ये व्हेक्टर ८ म्हणजे डबल फॉल्ट. इंटेलने ० ते ३१ व्हेक्टर स्वतःसाठी राखून ठेवलेत असं सांगितलेलं असूनही १९८१च्या आयबीएम पीसीत ते वापरले गेले, त्याचं ओझं आजही नवा कर्नल लिहिणाऱ्याच्या डोक्यावर.

पीआयसी पुन्हा इनिशियलाइज कर: पहिल्याला ३२पासून, दुसऱ्याला ४०पासून व्हेक्टर दे. पहिल्याला सांग की दुसरा त्याच्या दोन नंबरच्या लाइनवर आहे. मग सगळ्या लाइन मास्क कर आणि ज्याचा हँडलर तयार आहे तेवढीच उघड.

पुढचा प्रश्न आत्ताच सांगून ठेवतो: "टाइमर एकदाच आला, मग येतच नाही." तेव्हा हँडलरच्या शेवटी पीआयसीला ईओआय (काम संपल्याची सूचना) पाठवलायस का ते बघ. दुसऱ्या पीआयसीवरचा इंटरप्ट असेल तर दोघांनाही पाठवायचा.

अंशुमती

आणि कधीतरी काहीच कारण नसताना आयआरक्यू ७ येईल. पीआयसीने प्रोसेसरला हाक दिली आणि प्रोसेसर "कोण?" विचारेपर्यंत लाइन पडली, तर पीआयसी ७ नंबर सांगून मोकळा होतो. अशा वेळी त्याचं इन-सर्व्हिस रजिस्टर वाचायचं. सातवा बिट नसेल तर तो खोटा, त्याला ईओआय द्यायचा नाही. दुसऱ्या पीआयसीवर हाच प्रकार १५ म्हणून येतो, तेव्हा ईओआय फक्त पहिल्याला.

वीजवाहक

चालला! टाइमर टिकटिकतोय. रिकाम्या लूपऐवजी आता एचएलटी (पुढच्या इंटरप्टपर्यंत प्रोसेसर झोपवणारी सूचना) टाकतोय. त्यात काही पथ्य?

जुनाजाणता

"करण्यासारखं काही काम आहे का" हे इंटरप्ट बंद ठेवून तपास, आणि नसेल तर एसटीआय व एचएलटी एकापाठोपाठ लिही, मध्ये काहीही नको. इंटरप्ट बंद असताना एसटीआय केलं की पुढची एक सूचना पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही. त्यामुळे दोन्हींच्या फटीत इंटरप्ट येऊन निघून गेला आणि तू झोपून राहिलास, असं होत नाही. मध्ये एक एनओपी (काहीच न करणारी सूचना) जरी घातलास तरी ही हमी गेली.

नोंदवही

माझा प्रश्न सर्व्हरचा आहे. नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट ठरावीक कोअरवर बांधायचेत. एसएमपी_ॲफिनिटी फाइलमध्ये मास्क (कोणते कोअर चालतील याचे बिट) लिहिला की घेतो, थोड्या वेळाने बघितलं तर पुन्हा वेगळाच. आणि एनव्हीएमई डिस्कच्या इंटरप्टला तर लिहूच देत नाही, इनपुट-आउटपुट एरर येतो. रूटने लिहितोय.

अंशुमती

पहिल्याचं कारण आयआरक्यूबॅलन्स. तो डिमन सुरू असेल तर ठरलेल्या अंतराने, ते अंतर तुम्ही बदललं नसेल तर १० सेकंदांनी, सगळी वाटणी पुन्हा तपासतो आणि तुमचं लिहिलेलं फिरवतो. एकतर बंद करा, नाहीतर त्याला सांगा की हे आयआरक्यू किंवा हे कोअर तुझे नाहीत. दोन्हींसाठी पर्याय आहेत. मास्कच्या हेक्सऐवजी एसएमपी_ॲफिनिटी_लिस्टमध्ये लिहा, तिथे कोअरचे आकडे सरळ देता येतात. आणि लिहिल्यावर इफेक्टिव्ह_ॲफिनिटी वाचा. तुम्ही चार कोअरची परवानगी दिलीत तरी हार्डवेअर बहुधा त्यातला एकच निवडतं, तो तिथे दिसतो.

दुसऱ्याचं: एनव्हीएमईच्या रांगांचे इंटरप्ट "मॅनेज्ड" असतात. एमएसआय-एक्समध्ये एका डिव्हाइसला २०४८पर्यंत व्हेक्टर मिळू शकतात, त्यामुळे ड्रायव्हर कोअरच्या हिशोबाने रांगा पाडतो आणि कोणती रांग कोणत्या कोअरची हे कर्नलच ठरवतो. तिथे रूटचंही चालत नाही. रिअल-टाइम कामासाठी काही कोअर मोकळे हवे असतील तर आयसोलसीपीयूज पॅरामीटरमध्ये मॅनेज्ड_आयआरक्यू हा पर्याय आहे, ५.६ पासून. तोही हमी देत नाही, जमेल तेवढं टाळतो: वेगळ्या ठेवलेल्या कोअरवरूनच डिस्कला काम दिलंत तर इंटरप्ट तिथे येऊ शकतो.

तारतम्य

हा इनपुट-आउटपुट एरर मलाही आला! सेन्सरचा इंटरप्ट तिसऱ्या कोअरवर न्यायला गेलो तर नाही म्हणाला. माझा तर साधा जीपीआयओ आहे, मॅनेज्ड वगैरे काही नाही.

जुनाजाणता

तुझं कारण वेगळं, एररचा आकडा फक्त सारखा. जीपीआयओ कंट्रोलरच्या सगळ्या पिना मिळून मुख्य कंट्रोलरकडे, म्हणजे आर्मच्या जीआयसीकडे, बहुधा एकच लाइन जाते. कोणत्या कोअरवर जायचं हे जीआयसी ठरवतो, तेही त्या एका लाइनपुरतं. एक पिन वेगळी काढून दुसऱ्या कोअरवर पाठवायची सोयच हार्डवेअरमध्ये नाही. ती मुख्य लाइन चेन केलेली असेल तर /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये दिसणारही नाही.

पण तुला ते हवंय कशाला? तुझं खरं काम थ्रेडमध्ये होतं. हँडलर फक्त थ्रेडला जागं करतो, काही मायक्रोसेकंदांचा खेळ. थ्रेडची प्राथमिकता बदल. ती मुळात एससीएचईडी_फिफो (रिअल-टाइम शेड्यूलिंगचा एक प्रकार) ५० असते, सीएचआरटी कमांडने वाढवता येते.

आणि पुढे प्रीएम्प्ट_आरटीवर (रिअल-टाइम कर्नलवर) जाणार असशील तर लक्षात ठेव: २०२४च्या ६.१२ पासून ते मुख्य कर्नलमध्येच आहे, आणि तिथे जवळपास सगळेच हँडलर थ्रेड होतात. स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह तिथे कोअरचे इंटरप्ट बंद करत नाही. "याच्या आत मला कोणी अडवणार नाही" या भरवशावर लिहिलेला कोड असेल तर आधी तो शोध.

तारतम्य

प्राथमिकता ८० केली, मोजलेला सगळ्यात वाईट उशीर लक्षणीय उतरला. आरटीकडे सध्या जात नाही.

शेवटचं एक. बोर्ड सस्पेंडमध्ये असताना धक्का बसला तर सेन्सरने त्याला उठवायचंय. आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड दिला की झालं का?

अंशुमती

नाही, तो त्यासाठी नाही. नो_सस्पेंड म्हणजे सस्पेंड होत असतानाही हा हँडलर चालू ठेवा, टाइमरसारख्यांसाठी. त्याने बोर्ड उठेलच असं नाही. तुला इनेबल_आयआरक्यू_वेक हवंय, सस्पेंडच्या कॉलबॅकमध्ये, आणि रिझ्यूममध्ये डिसेबल_आयआरक्यू_वेक. डिव्हाइस ट्रीत वेकअप-सोर्सही लिही, आणि ती पिन झोपेतही जागी राहणाऱ्या भागात आहे ना ते सोसीच्या मॅन्युअलमध्ये बघ.

तुझ्या बाबतीत एक जास्तीची काळजी. जागं होताना इंटरप्ट परत चालवला जातो तो फार लवकर, तेव्हा आयटूसी कंट्रोलर अजून उठलेला नसू शकतो. थ्रेड वाचायला जाईल, बस एरर देईल, पिन खालीच राहील, लेव्हलमुळे पुन्हा थ्रेड. म्हणून सस्पेंडमध्ये वेक चालू करण्याबरोबर डिसेबल_आयआरक्यूही कर, आणि आपल्या रिझ्यूममध्ये इनेबल_आयआरक्यू. दोन्ही एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण तसं नाही: डिसेबल केलेला इंटरप्टही वेक चालू असेल तर बोर्डाला उठवू शकतो. उठवत नसेल तर तो कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा दोष, तुझा नव्हे.

तारतम्य

करून पाहिलं, टेबलावर बोट आपटलं की उठतो. पहिल्याच वाचनात फिफो पूर्ण भरलेला मिळतो, त्यामुळे धक्क्याच्या आधीचे काही नमुनेही हातात येतात. पॅच साफ करून दोन-तीन दिवसांत इथेच टाकतो, रिमूव्हचा भाग जरा बारकाईने बघा.